उन्हाळ्यातही वाहणारी नाली

हिरवा रंग सातव्या मिनिटाला आला. एप्रिलची सकाळ होती, साडेआठ वाजत होते, आणि अकोल्यातल्या प्राध्यापक कॉलनीच्या मागच्या पावसाळी नालीच्या काठावर हरिहर पिंपळखुटे मनगटावरचं घड्याळ बघत उकिडवा बसला होता. पालिकेची कंत्राटी इंजिनिअर वर्षाली हिने नुकताच त्याच्याच घरातल्या संडासात मगभर रंग ओतून वर दोन बादल्या पाणी सोडलं होतं आणि ती धावत मागे येऊन उभी राहिली होती. ही तपासणी हरिहरनेच सुचवलेली. कॉलनीतल्या एकेचाळीस घरांपैकी कुणाकुणाचं मैलापाणी पावसाच्या नालीत जातं ते शोधायचं, तर रंगासारखा सोपा उपाय नाही. आणि लोकांनी दारं लावून घेऊ नयेत म्हणून पहिलं घर माझं घ्या, असंही त्यानेच सांगितलेलं. त्याच्या घरी काही निघणार नव्हतं. ते फक्त दाखवण्यापुरतं होतं. नालीच्या तळाशी बोटभर काळपट ओघ चालला होता, त्यात एक गुटख्याची पुडी अडकून थरथरत होती, आणि त्या पुडीच्या मागून एकदम पोपटी, उजेड पोटात घेतलेला, झाडापानांच्या कुठल्याच हिरव्याशी नातं नसलेला रंग आला आणि पुडीला वळसा घालून पुढे गेला. "आला नं, आला!" सूर्यभान ओरडला. सूर्यभान हा नाल्या उपसणारा जुना कामगार. चेंबरची झाकणं उघडायला आकडा घेऊन तो बरोबर होता. ओरडून झाल्यावर घर कुणाचं ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो आकड्याने उगीच सिमेंटचा काठ खरवडू लागला.

आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं हरिहरच्या मनात आलं. लाज, संताप, निदान आश्चर्य. पण आत काही हललं नाही. गुडघे दुखत होते ते कळत होतं, घड्याळाच्या पट्ट्याखाली घाम आला होता तो कळत होता. सात मिनिटं, एवढाच आकडा डोक्यात फिरत राहिला, आणि त्याने सवयीने त्याचा अर्थ लावला. एकतीस वर्षं तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. रंग घरामागच्या सेप्टिक टाकीत गेला असता, तर त्या टाकीभर पाण्यात विरून गेला असता. आज काय, उद्याही दिसला नसता. सात मिनिटं म्हणजे टाकी मधे नाहीच. पाइप सरळ आहे. कुणीतरी तो मुद्दाम, नीट उतार देऊन, टाकीला वळसा घालून नालीत सोडला आहे. काम चांगलं झालेलं आहे, असंही त्याला त्याच वेळी वाटून गेलं. "सर, पुन्हा एकदा करून बघायचं का?" वर्षालीने विचारलं. ती त्याच्या शेवटच्या बॅचची विद्यार्थिनी. तिचा आवाज तोंडी परीक्षेत उत्तर चुकलेल्या मुलीसारखा झाला होता, जणू चूक तिचीच. "नको," तो म्हणाला. "रंग खोटं बोलत नाही. तू पुढची घरं घे." आणि तो उठून घराकडे चालू लागला.

नाली जिथे संपत होती तिथे तळं होतं, आणि त्या तळ्यासाठीच हे सगळं चाललं होतं. तळं म्हणजे कॉलनीच्या मोकळ्या जागेत खणलेला, कडेने पाणकणीस लावलेला उथळ खड्डा. त्याची कल्पना हरिहरची. वर्षभर रस्त्यावर जे साठतं, गाड्यांचं तेल, टायरची पूड, शेण, धूळ, पिशव्या, ते पावसाच्या पहिल्या पाण्याबरोबर एकदम नाल्यात आणि नाल्यातून मोर्णेत जातं. नदीतले मासे त्या दिवशी वर येऊन तोंडं उघडतात आणि दुसऱ्या दिवशी काठाला लागतात. ते पाणी एखाद-दोन दिवस अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, उरलेलं पाणकणसाच्या मुळांनी शोषून घ्यायचं, आणि मग सावकाश नदीला सोडायचं. अर्ज, नकाशे, सभा, असं बारा वर्षं चालल्यावर दोन वर्षांपूर्वी पालिकेने ते तळं खणून दिलं होतं. पहिल्या पावसाळ्यात पाणी चहासारखं यायचं आणि निवळून बाहेर पडायचं. ढोकरी, त्या मातकट रंगाच्या बगळ्या, यायला लागल्या, चतुर फिरायला लागले. पण दिवाळीनंतर जी नाली कोरडी ठणठणीत पडायला हवी ती वाहतच राहिली, आणि तळं काळं पडून नासलं. या उन्हाळ्यात वास सहन होईना. येत्या रविवारी दत्तमंदिराच्या सभागृहात कॉलनीची सभा होती. तळं बुजवून तिथे हिरवळ करा, असा अर्ज तयार होता आणि त्यावर तीस सह्या होत्या. पाऊस नसताना पावसाळी नाली वाहते याचा अर्थ कुणीतरी तिच्यात सोडतं आहे, हे हरिहरने प्रत्येकाला दारोदार जाऊन सांगितलं होतं. लोक मान डोलवत. आत या, चहा घ्या सर, म्हणत.

रमा बैठकीत चादर अंथरून गव्हाला एरंडेल लावत बसली होती. वर्षाचा गहू आला होता. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चमकत होते आणि ती गहू खालीवर करत होती, संथपणे, जसं ती सगळंच करायची. तीही शिक्षिका होती, प्राथमिक शाळेत. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. हरिहर दारात उभा राहिला. चप्पल काढायची राहिली होती हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती काढली.

"आपला पाइप नालीत आहे," तो म्हणाला.

"हो," रमा म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मीच जोडून घेतला नं. बुधाजी मिस्त्रीकडून. तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच. आईंचं दुखणं चालू होतं त्या पावसाळ्यात."

"मला नाही आठवत."

"नसेल," ती म्हणाली, आणि मूठभर गहू उचलून दुसऱ्या बाजूच्या ढिगात टाकला.

त्या नसेलमध्ये तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. तिला उत्तर देता आलं असतं. हरिहर खुर्चीत बसला आणि तो पावसाळा शोधू लागला. चौदा वर्षांपूर्वीचा. तेव्हा त्याची बदली अमरावतीला झाली होती, सहा वर्षांसाठी. रुक्मिणीनगरात मागच्या बाजूची एक खोली घेतली होती. सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचं, शनिवारी संध्याकाळी मूर्तिजापूरवरून परत यायचं. तो पावसाळा त्याला उत्तम आठवत होता. खोलीच्या खिडकीखालून एक नाला जायचा. पाऊस सुरू झाला की तो छत्री घेऊन खाली उतरायचा आणि दर पाच मिनिटांनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत पाणी भरून आणायचा. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी काळं, त्यावर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग, मग तपकिरी, अर्ध्या तासाने मातकट पण साधं. बरण्या ओळीने खिडकीत ठेवून तो त्यांच्याकडे बघत बसायचा. खाली बसत जाणारा गाळ. वर निवळत जाणारं पाणी. कुणी हाक मारत नसे. डबेवालीचा डबा यायचा, तो जेवायचा, पुन्हा बघायचा. त्या बरण्यांतूनच तळं सुचलं. जुलैच्या बारा तारखेला किती मिलिमीटर पाऊस पडला होता ते आजही त्याला सांगता आलं असतं. आपण त्या खोलीत सुखी होतो, ही गोष्ट या खुर्चीत बसल्यावर त्याला पहिल्यांदा सरळ शब्दांत कळली, आणि तिच्याकडेही त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात सापडलेल्या वस्तूसारखं पाहिलं. त्या सहा वर्षांतलं अकोल्याचं घर मात्र डोळ्यांपुढे येईना. शनिवार-रविवार असे तीनशेच्या आसपास तरी झाले असतील. त्यांतला एकही वेगळा काढता येत नव्हता. दार, कोपऱ्यातली पिशवी, ताट, झोप. आई आतल्या खोलीत पडून होती, अदितीची बारावी होती. अदिती म्हणजे मुलगी, आता पुण्याला असते. या सगळ्या गोष्टी घडल्या होत्या हे त्याला ठाऊक होतं, पण एखाद्याने आपल्याला कळवल्यासारखं ठाऊक होतं.

दुपारी जेवताना त्याने विचारलं, "काय झालं होतं नक्की?" रमाने वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि सांगितलं. तिने ते हकिगत सांगावी तसं सांगितलं, आवाज न चढवता. चार दिवस झड लागली होती. काळी माती फुगली, टाकीतलं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्याने पाणी घ्यायचं बंद केलं, टाकी भरली आणि संडासातून उलटं यायला लागलं. न्हाणीघरातसुद्धा आलं. आईंना उठवून नेता येत नव्हतं, त्यांचं सगळं बिछान्यावरच. ते धुवायला जागा उरली नाही. ती बादलीने उपसून कुंपणाबाहेर टाकत होती, अदिती पुस्तक मिटून मदतीला येत होती. तिसऱ्या दिवशी तिने मोबाइलवरून अमरावतीला फोन केला. "तुम्ही म्हणालात, शनिवारी येतोच आहे, मग बघू. शनिवारी आलात. दमला होतात, झोपलात. रविवारी सकाळी तुम्ही इथंच, या टेबलावर कागद पसरून काहीतरी काढत होतात. बुधाजी मागं येऊन उभा होता. तो म्हणे, बाई, या मातीत तुमचा खड्डा काही चालत नाही, सगळे नालीतच देतात, देऊ का जोडून? मी चहा घेऊन आले आणि तुम्हाला विचारलं. तुम्ही हो म्हणालात." मग ती म्हणाली, "म्हणजे हो असं नाही म्हणालात. पण मला तसंच वाटलं." शोषखड्डा हरिहरने स्वतः काढलेला होता, पुस्तकातल्या मापाने. काळ्या मातीत तो भरणार हे दरवर्षी वर्गात फळ्यावर आकृती काढून तो सांगत आला होता. आणि त्यानंतर चौदा वर्षांत टाकी उपसायला एकदाही गाडी आली नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. भाताचा घास गार झाला होता. त्याने तो गिळला.

हात धुताना वर्षालीचा फोन आला. सोळा घरं झाली, नऊ ठिकाणी रंग आला, असं तिने सांगितलं. मग ती अडखळली. "सर, एक विचारू? तुमचं घर आपण डेमो म्हणून घेतलं होतं. तेव्हा यादी लागली नव्हती. यादी दोन नंबरपासून धरली तरी चालण्यासारखं आहे. रविवारी तुम्हाला बोलायचं आहे, उगीच लोकांना विषय मिळेल. काय करू?" बाहेर ऊन असं पेटलं होतं की खिडकीतून येणारा उजेडही बोटांना चटका देईल. हरिहरने टॉवेल खुंटीला लावला. तळं वाचायला हवं होतं, आणि ते वाचवायला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, हे खरं होतं. "बघ तू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

"हेच," मागून रमा म्हणाली. ती ताटं उचलत होती. "अगदी हेच. तेव्हाही हेच म्हणाला होतात. मान वर न करता."

तेव्हा त्याला आठवलं. की आठवलं असं वाटलं, ते सांगणं कठीण होतं. टेबलाच्या कडेवर ठेवलेला कप, कपाखाली ओला गोल, तो गोल नकाशावर उमटू नये म्हणून त्याने कप सरकवला होता. आणि नजरेच्या कडेला निळ्या पातळाचा ओला काठ, घोट्यापर्यंत चिखल, फिनेलचा वास. तो ओला काठ बराच वेळ तिथे उभा होता. मग नव्हता. त्या चिखलाकडे आपण पाहिलं होतं. पाहून पुन्हा नकाशाकडे वळलो होतो, आणि त्या नकाशात पावसाचं पाणी मोर्णेला जाण्याआधी कसं स्वच्छ करावं ते काढत होतो. तो पाणी प्यायला आणि वर्षालीला पुन्हा फोन लावून म्हणाला, "यादीत धर. एक नंबरला. प्लॉट सतरा." तिकडून ती काहीतरी म्हणत होती, पण त्याने ऐकलं नाही, मग आपण ऐकलं नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने विचारलं, "काय म्हणालीस?" ती म्हणाली, "काही नाही सर. ठीक आहे म्हटलं."

संध्याकाळी ऊन कलल्यावर तो तळ्यावर गेला. पाणकणसं बुडाशी पिवळी पडली होती. पाण्यावर साय होती, मधूनच एखादा बुडबुडा तिला फुगवून फुटत होता. सकाळचा हिरवा रंग कधीच काळ्यात मिसळून गेला होता. काठाला, चिखलात, लाल दोऱ्यांसारखे बारीक किडे वळवळत होते. पाण्यातली हवा संपली की हेच उरतात, हे त्याला माहीत होतं. तो तिथे उभा होता तेव्हा शेजारचे भगवंतराव आले. त्यांची शेती हिवरखेडला. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी इथे घर बांधलं त्याला वीस वर्षं झाली होती. तळं बुजवण्याच्या अर्जावर पहिली सही त्यांची होती. त्यांनी उपरणं नाकाला लावलं आणि काठावरच्या दगडावर बसले.

"तुमच्या घरून हिरवं पानी निंघालं म्हन्तेत, सर."

"निघालं."

"निंघनारच. बुधाजीनं पाइप टाकला तवा मी उभा होतो नं अथी. पहार माह्याच घरून नेली त्यानं. बाई बिचाऱ्या एकट्या, वरून पानी सुरू."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मलेच काहून, सगळ्यायले माहीत हाय. माहं बी त्यातच हाय, खोटं कायले बोलू. आता थे पोरगी उद्या माह्या घरी येईन, तं रंग येईनच."

"मग इतकी वर्षं कुणी मला म्हणालं कसं नाही? मी दर सभेत बोलत होतो. नालीत सोडू नका म्हणून. चौदा वर्षं."

भगवंतरावांनी त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुमी लय चांगलं बोलत होते. आमी ऐकत होतो. आमाले वाटे, सरले माहीत असनच आपल्या घरचं, पन लोकायले शिकवा लागते म्हून बोलून रायले. मास्तर लोकायचं असंच रायते. त्यात वाईट काय? कोनी मनावर नाई घेतलं."

ते हे अगदी मायेने बोलले. चौदा वर्षं एक आख्खी कॉलनी त्याला ढोंगी समजत होती आणि तिने ते केव्हाच माफ करून टाकलं होतं. चहा पाजून, मान डोलवून, मागच्या दाराने आपापलं पाणी सोडत. याचं दुःख व्हायला हवं होतं. त्याऐवजी त्याला एक विचित्र मोकळेपणा जाणवला, दात काढल्यावर जीभ त्या जागी जाते आणि तिथे काहीच नसतं तसा. काठच्या उथळ पाण्यात एक ढोकरी येऊन उभी राहिली, मान आखडून थोडा वेळ थांबली, आणि काही न टिपता उडून गेली. "तुमच्या अर्जावर मी सही करणार नाही," तो म्हणाला. "नका करू," भगवंतराव म्हणाले. "पन वास मातर लय येते, सर. मैनाबाईले दोन दिवस झाले जेवन जाऊन नाई रायलं." मैनाबाई त्यांच्या पत्नी.

रविवारी सकाळी दहाला सभागृहात पन्नासेक माणसं होती. पंखे फिरत होते आणि गरम हवाच ढवळत होते. वर्षालीने उभं राहून सांगितलं की एकेचाळीसपैकी तेवीस घरांचं मैलापाणी नालीत येतं. मुख्य रस्त्यावरून मलवाहिनी टाकून दोन वर्षं झाली, पण अंगण फोडावं लागतं म्हणून कॉलनीत कुणी जोडणी घेतलेली नाही. तिने फक्त प्लॉट नंबर वाचायला सुरुवात केली. पहिला नंबर सतरा. हरिहर उभा राहिला. बोलायचं त्याने रात्री ठरवलं होतं, मुद्दे काढले होते, नदी, मासे, पुढच्या पिढ्या. उभा राहिल्यावर ते सगळं पोकळ वाटलं. "सतरा नंबर माझा," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकलो असतो. पण मला सांगितलेलं होतं. उद्या मी पाइप तोडून पुढच्या मलवाहिनीला जोडतो आहे. तळ्यात पावसाचं पाणी येऊ द्या, एक पावसाळा. दिवाळीनंतर नाली वाहत राहिली तर बुजवा. मीच अर्जावर सही करीन." मागे एकजण खोकला. मग बायकांच्या रांगेत रमा उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नसे. "पाइप मी जोडला होता," ती म्हणाली. "यांनी नाही." आणि खाली बसता बसता तिने भर घातली, "पण यांना विचारून." बायका हसल्या. मग पुरुषही हसले, भगवंतराव सगळ्यांत मोठ्याने, आणि सभागृहात एकदम माणसं बसल्यासारखं वाटलं. हरिहरने स्वतःच्या चेहऱ्यावर हात फिरवून पाहिला; तोही हसत होता की काय ते त्याला नीट कळलं नाही. दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं. फार विचार करून ठरलं असं नाही. उकाडा असह्य झाला होता, लोकांना घरी जायचं होतं. सात जणांनी जोडणीच्या अर्जावर नावं दिली. उरलेले बघू म्हणाले.

सोमवारी सूर्यभान दोन मजूर घेऊन आला. मागच्या अंगणातली काळी जमीन भेगाळली होती, भेगेत मनगट जाईल एवढी. पहारीचा घाव पडला की ढेकूळ दगडासारखं वाजे. दोन हात खोल गेल्यावर पाइप लागला. सूर्यभानने हाताने माती झाडली, पाइपावरून तळवा फिरवला. "बुधाजीचं काम पक्कं होतं, सर," तो म्हणाला. "इतके वर्सं झाले, एक थेंब गळला नाई. आजकाल असे मिस्त्री भेटत नाईत." मग त्याने करवत घेतली. पाइप कापला गेला तेव्हा आत साठलेलं थोडंसं पाणी खड्ड्यात सांडलं आणि काळ्या मातीने ते लगेच पिऊन टाकलं. नालीकडचं तोंड त्याने सिमेंटने बंद केलं. पुढच्या अंगणातला चर संध्याकाळपर्यंत व्हायचा होता. तोवर घरात पाणी वापरायचं नाही, असं तो बजावून गेला. रमा मागच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. बुधाजी चार वर्षांपूर्वीच वारल्याचं तिने सूर्यभानला सांगितलं. हरिहरला हेही ठाऊक नव्हतं.

दुपारी मजूर लिंबाखाली झोपले. घरात कूलर घरघरत होता. रमा खाटेवर आडवी झाली होती, डोळे उघडे होते. हरिहर खुर्चीत होता. इतक्या वर्षांच्या दुपारी ते असेच होते, ती तिथे आणि तो इथे, मधे कूलरचा आवाज. आणि त्या आवाजाखाली ती काही बोलली असेल तर ते कुठे गेलं, असं त्याच्या मनात आलं. किती वेळा तिने कडेला येऊन उभं राहून काही सांगितलं, किती वेळा आपण बघ तू म्हणालो. त्याला भीती वाटली. गेल्या चार दिवसांतली ही पहिली गोष्ट जी त्याला खरोखर वाटली. तो उठला आणि त्याने कूलर बंद केला. पंखा हळूहळू थांबला. खोलीत एकदम शांतता आणि झळ आली.

"काहून हो?" रमाने मान वळवली. "लाइट गेली?"

"नाही. मी बंद केला." तो तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसला. "आणखी काय काय सांगितलं होतंस तू मला?"

"म्हणजे?"

"जे मला आठवत नाही ते."

"कशाला आता."

"सांग."

ती छताकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर घाम यायला लागला होता, त्याच्याही पाठीवरून एक धार खाली उतरत होती. ती सांगेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. न सांगण्याचा तिला हक्क होता, हेही त्याला समजत होतं.

"आई गेल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात," ती अखेर म्हणाली, "अदिती पुण्याला गेली होती. तुम्ही अमरावतीला. एका दुपारी मी बॅग भरली आणि अंजनगावच्या गाडीत बसले. माहेरी जाऊन राहायचं म्हणून. परत यायचं नाही म्हणून. दर्यापूरला गाडी थांबली तिथं उतरले. तासभर स्टँडवर बसले आणि मग उलट्या गाडीने आले. शनिवारी तुम्ही आलात तेव्हा सांगितलं मी तुम्हाला. सगळं नाही, पण दर्यापूरपर्यंत जाऊन आले म्हटलं."

"मी काय म्हणालो?"

"ऊन फार आहे, दुपारचं फिरत जाऊ नकोस, म्हणालात."

बाहेर लिंबाखाली कुणीतरी कूस बदलली, फावडं खडखडलं. हरिहरला काहीतरी म्हणायचं होतं. माफीचे शब्द जवळ होते, पण ते उच्चारले की गोष्ट संपेल आणि ती पुन्हा कुशीवर वळेल, असं त्याला वाटलं. त्याने ते बाजूला ठेवले.

"त्या तासात काय केलंस?" त्याने विचारलं.

रमाने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, परक्या माणसाने पत्ता विचारावा आणि सांगावा की नाही ते आपण ठरवत असावं तसं. मग ती उठून बसली, पदराने गळा पुसला, पाय वर घेतले, आणि स्टँडवरच्या बाकापासून सांगायला लागली.